शंभर डॉलरचा लॅपटॉप: ट्यूनिस ते खैराट

१/
१६ नोव्हेंबर २००५. ट्युनिशियाची राजधानी ट्यूनिस येथे संयुक्त राष्ट्रांची माहिती-समाजविषयक जागतिक परिषद भरली होती. व्यासपीठावर महासचिव कोफी अन्नान आणि अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक निकोलस निग्रोपॉन्टी उभे होते. निग्रोपॉन्टी यांच्या हाती पोपटी रंगाचा एक छोटा संगणक होता आणि त्याच्या बाजूला हाताने फिरवायची पिवळी दांडी होती. वीज नसलेल्या गावातील मूल ही दांडी फिरवील, यंत्र सुरू होईल आणि जगाचे ज्ञान त्याच्यापुढे उघडेल, अशी ही कल्पना होती. किंमत अवघी शंभर डॉलर. प्रात्यक्षिक सुरू झाले आणि ती दांडी निखळून आली, असे वर्णन तेथे उपस्थित असलेल्यांनी पुढे केले. तरीही दुसऱ्या दिवशी जगभरच्या वृत्तपत्रांत छायाचित्र झळकले ते त्या पोपटी यंत्राचेच.

२/
‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’, अर्थात ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’, या योजनेचा हा इतिहास आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शिक्षण आणि तंत्रज्ञान यांच्या संगमावर इतका मोठा दुसरा प्रयोग झाला नाही. उरुग्वेने तो स्वीकारला, पेरूने त्यावर प्रचंड खर्च केला, भारताने तो नाकारला. आणि तरीही तो भारतात पोहोचला. भारतातील त्याचे पहिले ठिकाण होते रायगड जिल्ह्यातील खैराट नावाचे लहानसे गाव. मुलांना नेमके काय हवे असते आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा या साऱ्या कथेतील खरा वाद आहे.

३/
कथेची सुरुवात ट्यूनिसच्या बऱ्याच आधी होते. सिमॉर पॅपर्ट हे दक्षिण आफ्रिकेत १९२८ साली जन्मलेले गणितज्ञ. १९५८ ते १९६३ या काळात त्यांनी जिनिव्हा येथे जाँ पियाजे या बालविकासाच्या थोर अभ्यासकाबरोबर काम केले. मूल म्हणजे ज्ञान ओतण्याचे रिकामे भांडे नव्हे, ते आपल्या अनुभवांतून स्वतःच ज्ञानाची रचना करीत असते, हा पियाजे यांचा सिद्धान्त. पॅपर्ट यांनी त्यात एक पाऊल पुढे टाकले. मुलाला हाताने घडवता येईल अशी एखादी वस्तू मिळाली, तर ही रचना अधिक सहज होते, असे त्यांचे मत बनले. आणि संगणकाइतकी बहुरूपी वस्तू त्यांच्या दृष्टीने दुसरी नव्हती.

४/
१९६७ साली पॅपर्ट, वॉलेस फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लोगो’ ही संगणकीय भाषा सिद्ध केली. तिच्यात एक कासव असते. ‘पुढे शंभर, उजवीकडे नव्वद’ अशा आज्ञा दिल्या की ते चालते आणि मागे रेघ उमटते. हीच आज्ञा चार वेळा दिली की चौरस तयार! कासव चुकले तर मूल स्वतः तितकी पावले चालून पाहते, चूक शोधते आणि आज्ञा सुधारते. खेळता खेळता त्याला भूमिती उमगते. संगणकाने मुलाला घडवावे हे पॅपर्ट यांना मान्य नव्हते. मुलानेच संगणकाला शिकवावे, हा त्यांचा आग्रह होता. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकाने हा विचार जगभर नेला.

५/
याच सुमारास अॅलन के हा तरुण संगणकतज्ज्ञ पॅपर्ट यांचे काम पाहून प्रभावित झाला. वहीएवढा, मुलांना कोठेही नेता येईल असा संगणक त्याने कल्पिला आणि त्याला ‘डायनाबुक’ असे नाव दिले. १९७२ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात असताना त्याने या कल्पनेवर निबंध लिहिला. त्या काळी संगणक म्हणजे खोली व्यापणारी यंत्रे. त्यामुळे डायनाबुक कागदावरच राहिले. मात्र आजच्या लॅपटॉपच्या आणि टॅबलेटच्या वंशवृक्षात मुळाशी एक लहान मूल बसलेले आहे, कार्यालयातील कारकून नव्हे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

६/
या विचारास कृतीची जोड देण्याचे प्रयत्नही झाले. १९८२ साली फ्रेंच शासनाच्या पाठबळावर पॅपर्ट आणि निग्रोपॉन्टी यांनी सेनेगलची राजधानी डाकार येथील मुलांना अॅपल-२ संगणक दिले. भारतात १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाने ‘क्लास’ नावाचा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू करून निवडक शाळांत ब्रिटनचे ‘बीबीसी मायक्रो’ संगणक बसवले. पुढे जानेवारी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात सुगत मित्र यांनी झोपडवस्तीलगतच्या भिंतीत भोक पाडून संगणक बसवला. कोणीही न शिकवता मुले तो वापरू लागली. मूल आपले आपण शिकते, या श्रद्धेस त्या भिंतीने मोठे बळ दिले.

७/
निग्रोपॉन्टी हे १९८५ साली सुरू झालेल्या एमआयटी मीडिया लॅबचे सहसंस्थापक. वक्तृत्व प्रभावी, ओळखी थेट राष्ट्रप्रमुखांपर्यंत. कंबोडियातील एका दुर्गम गावात त्यांनी मुलांना लॅपटॉप दिले होते. त्या घरांतून वीज नव्हती. रात्री लॅपटॉप उघडला की घरातील सर्वांत प्रखर प्रकाश त्याचाच असे, ही आठवण ते भाषणांतून सांगत. जानेवारी २००५ मध्ये दावोस येथे त्यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. तेव्हा साधा लॅपटॉप हजार डॉलरच्या घरात होता. शासनांनी एकेका वेळी दहा-दहा लाख यंत्रे घ्यावीत, म्हणजे किंमत उतरेल, असा त्यांचा हिशेब होता.

८/
योजनेची पाच तत्त्वे होती. यंत्र शाळेचे नव्हे, मुलाच्या मालकीचे असेल आणि ते घरी नेता येईल. ते सहा ते बारा वयाच्या लहान मुलांना मिळेल. निवडक हुशार मुलांना न देता संपूर्ण वर्गास, संपूर्ण गावास द्यावे लागेल. यंत्रे परस्परांशी आणि इंटरनेटशी जोडलेली असतील. आणि त्यातील सारी प्रणाली मुक्त असेल, म्हणजे कोणालाही ती उघडून पाहता व बदलता येईल. या यादीत एक घटक ठळकपणे अनुपस्थित होता: शिक्षक. पुढील बहुतेक वादांचे बीज या अनुपस्थितीत सापडते.

९/
यंत्र म्हणून पाहिले तर ‘एक्सओ-१’ ही असामान्य निर्मिती होती. लॅपटॉपमधील सर्वांत महागडा भाग म्हणजे पडदा. मेरी लू जेप्सन यांनी तोच नव्याने रचला. घरात तो रंगीत दिसे. भर उन्हात मागील प्रकाश बंद केला तरी कृष्णधवल अक्षरे कागदावरच्यासारखी स्वच्छ वाचता येत. झाडाखाली भरणाऱ्या शाळेचा विचार करून घडवलेला असा पडदा तोवरच्या कोणत्याही सामान्य लॅपटॉपला नव्हता. वीज तर फारच कमी लागे. ट्यूनिसची ती दांडी मात्र अंतिम रचनेतून वगळण्यात आली, कारण फिरवण्याचा ताण यंत्राच्या चौकटीस सोसणारा नव्हता.

१०/
इतर तपशीलही तितकेच विचारपूर्वक ठरवलेले होते. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी स्मृती आणि फिरत्या हार्ड डिस्कऐवजी १ जीबीची फ्लॅश साठवण. त्यामुळे यंत्र पडले तरी मोडण्यासारखे आत फारसे काही नव्हते. कळफलक एकसंध रबरी आवरणाचा, धूळ-पाण्यास दाद न देणारा. वर सशाच्या कानांसारखे दोन अँटेना. ते मिटले की बाजूच्या खाचा झाकल्या जात. दुरुस्ती गावातच व्हावी म्हणून जादा स्क्रू यंत्रातच ठेवलेले. झाकणावरील ‘एक्सओ’ हे चिन्ह चारशे रंगजोड्यांत येई, म्हणजे वर्गात आपले यंत्र कोणते हे अक्षरओळख नसलेल्या मुलासही कळे.

११/
त्यातील प्रणालीचे नाव ‘शुगर’. वॉल्टर बेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. कार्यालयातील टेबल, फायली आणि फोल्डर यांची प्रतिमा तिने टाकून दिली. पडद्याच्या मध्यभागी मुलाचे चिन्ह आणि भोवती वर्तुळात लेखन, चित्रकला, छायाचित्रण, संगीत, कासवाची भूमिती असे ‘उपक्रम’. शेजारपाजारच्या यंत्रांवरील मित्र पडद्यावर दिसत आणि एकच चित्र अनेकांना मिळून काढता येई. ‘सिमसिटी’ हा नगररचनेचा प्रसिद्ध खेळही कंपनीने या यंत्रासाठी देऊ केला. कळफलकावर एक खास कळ होती; ती दाबली की चालू उपक्रमामागील संहिता उघडून दिसे. खेळणे उघडून आत काय आहे ते पाहावे, ही प्रत्येक मुलाची ऊर्मी असते. ती कळ त्यासाठीच होती.

१२/
मुलांच्या सुरक्षिततेचा विचारही आरंभापासून झाला. इव्हान क्रस्तिच या तरुण तज्ज्ञाने फेब्रुवारी २००७ मध्ये ‘बिटफ्रॉस्ट’ या सुरक्षारचनेचा आराखडा मांडला. त्याचे गृहीतक साधे होते: सहा वर्षांच्या, अजून वाचता न येणाऱ्या मुलाला धोक्याच्या सूचना वाचायला लावून ‘होय’ किंवा ‘नाही’ विचारणे व्यर्थ आहे. म्हणून प्रत्येक उपक्रम आपापल्या बंद खोलीत चालेल, अशी योजना होती. छायाचित्रे पाहणाऱ्या उपक्रमाला इंटरनेटकडे जाण्याची मुभाच नसेल. कॅमेरा किंवा ध्वनिग्राहक सुरू झाला की त्याशेजारचा दिवा लागेलच. चोरीस गेलेले यंत्र ठरावीक मुदतीनंतर आपोआप निकामी होईल. आज मोबाइलमधील अॅप ‘परवानगी’ मागते, त्याच दिशेचा हा विचार होता. मात्र आराखड्यातील सर्वच भाग प्रत्यक्षात उतरले नाहीत.

१३/
आणि यंत्राची सुरक्षितता म्हणजे मुलाची सुरक्षितता नव्हे, हे लवकरच उघड झाले. जुलै २००७ मध्ये नायजेरियातून बातमी आली की योजनेतून मिळालेल्या या संगणकांवर काही शाळकरी मुले प्रौढांसाठीची संकेतस्थळे पाहत आहेत. योजनेच्या प्रतिनिधींनी यापुढे यंत्रांत गाळण्या बसवल्या जातील, असे जाहीर केले. विषाणू, चोरी आणि हेरगिरी यांचा बारकाईने विचार करणाऱ्या आराखड्याकडे या प्रश्नाचे उत्तर नव्हते. मुलाच्या शेजारी बसून ‘हे काय आहे’ ते समजावणारे मोठे माणूस कोण, हा प्रश्न कोणत्याही प्रणालीच्या कक्षेत बसत नव्हता.

१४/
भारताचे उत्तर याच्या वर्षभर आधीच आले होते. जुलै २००६ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने नियोजन आयोगास पत्र लिहून योजना नाकारली. शिक्षणसचिव सुदीप बॅनर्जी यांच्या त्या पत्राचा आशय स्पष्ट होता: देशाला आकर्षक साधनांपेक्षा वर्गखोल्या आणि शिक्षक यांची निकड अधिक आहे, मुलांच्या विकासावर याचा परिणाम काय होईल, याचा पुरावा नाही, आणि शैक्षणिकदृष्ट्या ही कल्पना संशयास्पद आहे. यावर बरीच टीका झाली. बाबू लोकांना भविष्य दिसत नाही, असेही म्हटले गेले. परंतु त्या पत्रातील आक्षेप पुढच्या दशकातील संशोधनाच्या कसोटीवर बऱ्याच अंशी टिकले.

१५/
तरीही यंत्र भारतात आले. ऑक्टोबर २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट येथे या योजनेचा देशातील पहिला प्रयोग सुरू झाला. गाव मुंबईपासून फार दूर नाही, पण डोंगरकुशीतले आणि गरीब. शाळा पहिली ते चौथी, मुले वीस-बावीस आणि शिक्षक एक. महाराष्ट्रातील दुर्गम वाड्यावस्त्यांवरच्या शाळांचा परिचय असलेल्यास हे चित्र नवे नाही: एकाच खोलीत चार इयत्ता, आणि एका इयत्तेला फळ्यावर गणित दिले की दुसरीला वाचन द्यावे लागते. मुलांनी यंत्रे चटकन आत्मसात केली. छायाचित्रे, चित्रे, लेखन हे सारे सुरू झाले आणि पोपटी दप्तर घरोघरी जाऊ लागले.

१६/
खैराटने एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच दाखवून दिली. यंत्र पोहोचवणे हा कामाचा लहान भाग आहे. भारनियमनाच्या त्या काळात चार्जिंग कोठे करायचे, इंटरनेटची जोडणी कशी द्यायची, देवनागरीत काम कसे करायचे, बिघडले तर दुरुस्ती कोणी करायची आणि चार इयत्तांच्या पाठांशी या यंत्राची सांगड कशी घालायची? शुगरच्या भाषांतराचे काम जगभरचे स्वयंसेवक करीत आणि त्यांच्या भाषांत मराठीही होती. पण उरलेल्या साऱ्या प्रश्नांचा भार शेवटी शिक्षकावर येत होता. मुलांना शिक्षकाविना शिकू देणारे म्हणून गाजलेले यंत्र वापरात आणायला आधी शिक्षकच लागत होता.

१७/
इकडे अमेरिकेत योजना अडचणीत येत होती. नोव्हेंबर २००७ मध्ये घाऊक उत्पादन सुरू झाले तेव्हा किंमत शंभर नव्हे, १८८ डॉलरच्या आसपास होती. दहा लाखांच्या मागण्या तोंडी राहिल्या. तेव्हा ‘एक द्या, एक घ्या’ ही मोहीम काढण्यात आली: ३९९ डॉलर भरा, एक यंत्र तुम्हाला आणि एक गरीब देशातील मुलाला. इंटेल ही प्रोसेसर बनवणारी कंपनी स्वतःचा ‘क्लासमेट’ लॅपटॉप विकत होती. जुलै २००७ मध्ये ती योजनेत सहभागी झाली आणि जानेवारी २००८ मध्ये बाहेर पडली. त्याच सुमारास जेप्सन यांनी योजना सोडली, पाठोपाठ क्रस्तिच आणि बेंडर यांनीही.

१८/
बेंडर यांच्या जाण्यामागे तत्त्वाचा प्रश्न होता. मे २००८ मध्ये या यंत्रावर मायक्रोसॉफ्टचे विंडोज चालवण्याचा करार जाहीर झाला. अनेक शासनांना तेच हवे होते, कारण पुढे नोकरीत मुलांना विंडोजच वापरावे लागेल, असे त्यांना वाटे. मुक्त प्रणालीच्या समर्थकांना यात मूळ उद्देशाचाच त्याग दिसला. उघडून पाहता येणारे यंत्र आणि निव्वळ वापरता येणारे यंत्र यांतील हा झगडा होता. बेंडर यांनी ‘शुगर लॅब्ज’ ही स्वतंत्र संस्था स्थापून प्रणालीचे काम चालू ठेवले. जानेवारी २००९ मध्ये आर्थिक मंदीत मूळ संस्थेला जवळपास निम्मे कर्मचारी कमी करावे लागले.

१९/
एक मोठी उणीव आणखी होती. ५ डिसेंबर २००६ रोजी हनोई येथे रस्ता ओलांडत असताना पॅपर्ट यांना मोटारसायकलची धडक बसली आणि मेंदूस गंभीर इजा झाली. ते वाचले, परंतु पूर्ववत काम करू शकले नाहीत. २०१६ साली त्यांचे निधन झाले. योजनेचा वैचारिक पाया ज्यांनी रचला, तेच ती साकारत असताना तिच्यापासून दूर झाले. त्यांच्या लिखाणातील कासव आणि मूल यांच्यामध्ये नेहमी एक जागरूक मोठे माणूस असे. घोषणांच्या गदारोळात ते माणूस पुसट होत गेले.

२०/
यशाचे उदाहरण उभे राहिले ते दक्षिण अमेरिकेतील चिमुकल्या उरुग्वेत. अध्यक्ष तबारे वाझकेझ यांनी ‘प्लान सेबाल’ आखला. सेबो हे उरुग्वेचे राष्ट्रीय फूल आणि ते आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातले. मे २००७ मध्ये विया कार्दाल या लहानशा गावी आरंभ झाला आणि ऑक्टोबर २००९ पर्यंत देशातील सार्वजनिक प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाच्या हाती लॅपटॉप आला: साडेतीन लाखांहून अधिक मुले, शिवाय शिक्षक. असे करणाऱ्या जगातील पहिल्या देशांपैकी तो एक. पण उरुग्वेने केवळ यंत्रे वाटली नाहीत. शाळाशाळांत इंटरनेट जोडले, दुरुस्तीची व्यवस्था उभारली, शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि हे सारे पाहण्यासाठी कायमस्वरूपी संस्था नेमली.

२१/
पेरूने याहून कितीतरी मोठी खरेदी केली: आठ लाखांहून अधिक यंत्रे. न्यायबुद्धीने ती आधी डोंगराळ भागातील एकशिक्षकी, गरीब शाळांना देण्यात आली, म्हणजे खैराटसारख्याच शाळांना. परंतु बहुतेक ठिकाणी इंटरनेट नव्हते, प्रशिक्षण तुटपुंजे होते आणि मोडतोडीच्या भीतीने कित्येक शाळा यंत्रे घरी नेऊ देत नसत. २०१२ साली इंटर-अमेरिकन विकास बँकेच्या संशोधकांनी ३१९ शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे पंधरा महिन्यांच्या वापरानंतर गणित आणि भाषा यांच्या गुणांत वाढ आढळली नाही. सर्वसाधारण आकलनक्षमतेच्या चाचण्यांत मात्र काहीसा लाभ दिसला.

२२/
उरुग्वेतील पुढील अभ्यासांतही गणित आणि वाचन यांच्या गुणांवर उल्लेखनीय परिणाम दिसला नाही. पॅराग्वेत दीर्घकाळ राहून निरीक्षण करणाऱ्या मॉर्गन एम्स यांनी २०१९ साली ‘द करिस्मा मशीन’ हे पुस्तक लिहिले. त्यांना आढळले की बरीच मुले यंत्र फारसे वापरत नसत आणि जी वापरत ती मुख्यतः गाणी, चित्रफिती आणि खेळ यांसाठी. आज्ञावली लिहिण्यात रमणारी मुले मोजकी. आणि त्यांच्यामागे बहुधा घरातील किंवा शाळेतील कोणीतरी प्रोत्साहन देणारे असे. स्वयंभू बालसंशोधक ही प्रतिमा योजनाकारांनी स्वतःच्या बालपणावरून रेखाटली होती, असा एम्स यांचा निष्कर्ष आहे.

२३/
मग सारेच वाया गेले काय? तसे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. स्वस्त, लहान लॅपटॉपला गिऱ्हाईक आहे, हे या योजनेने बाजाराला दाखवले. ऑक्टोबर २००७ मध्ये आसूस कंपनीचा ‘ई पीसी’ आला आणि ‘नेटबुक’ची लाट उसळली, पुढे शाळांमधून क्रोमबुक पसरले. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ब्रिटनमध्ये ‘रास्पबेरी पाय’ विक्रीस आला: ३५ डॉलरचा, उघडा, मुलांनी स्वतः जोडायचा संगणक. आणि २०२० साली महासाथीने शाळा बंद झाल्या तेव्हा उरुग्वेकडे यंत्रे, जोडणी, शिक्षणमंच आणि ते वापरण्यास सरावलेले शिक्षक तयार होते. गुणपत्रिकेत न दिसलेली गुंतवणूक त्या वर्षी उपयोगी पडली.

२४/
भारतानेही स्वतःची वाट शोधली. ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ हा स्वस्त टॅबलेट मोठ्या गाजावाजाने सादर झाला. सात इंची पडदा, अनुदानित किंमत पस्तीस डॉलरच्या आसपास. पण त्याचा पडदा बोटाच्या हलक्या स्पर्शास दाद देत नसे, बॅटरी लवकर संपे आणि वेग मंद होता. नंतर हे काम मुंबईच्या आयआयटीकडे आले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये सुधारित ‘आकाश-२’ प्रकाशित झाला. तोपर्यंत स्वस्त मोबाइल बाजारात आले होते आणि योजना हळूहळू मागे पडली. शंभर डॉलर असो वा पस्तीस, घोषणेत आकडा किमतीचाच असे. त्यात शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा आणि दुरुस्तीचा खर्च धरलेला नसे.

२५/
सुरक्षिततेच्या बाबतीत काळ आणखी पुढे गेला. २००७ मध्ये चिंता होती ती मूल इंटरनेटवर काय पाहते याची. आता तिच्यात भर पडली ती इंटरनेट मुलाविषयी काय काय साठवते याची. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२१ मध्ये डिजिटल जगातील बालहक्कांविषयी स्वतंत्र मार्गदर्शक भाष्य प्रसिद्ध केले. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यास पालकांची संमती आवश्यक ठरवली आणि मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई केली. कॅमेऱ्याशेजारच्या त्या छोट्या दिव्यामागचा विचार आता कायद्याच्या भाषेत मांडला जात आहे.

२६/
वीस लाखांहून अधिक पोपटी यंत्रे जगभर पोहोचली. त्यांतील एक आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहे. रचनेचा उत्तम नमुना म्हणून तो मान योग्यच आहे. परंतु यंत्राची खरी परीक्षा जेथे झाली त्या जागा वेगळ्या होत्या: अँडीज पर्वतातील एकशिक्षकी शाळा, विया कार्दालचा वर्ग, खैराटची ती खोली. उरुग्वेने यंत्राआधी माणसांची व्यवस्था लावली. पेरूत यंत्रे आधी आली आणि माणसे अपुरी पडली. दोन्ही ठिकाणी यंत्र एकच होते.

२७/
आज शाळांत नवी साधने येत आहेत, नवे टॅबलेट, नवी अॅप, आणि आता मुलांशी संवाद साधणारी यंत्रेही. घोषणा पुन्हा तीच आहे: यामुळे मूल आपले आपण शिकेल. २००६ मधील दिल्लीचे पत्र आणि २००५ मधील ट्यूनिसची दांडी या दोन्ही आठवणी अशा वेळी शेजारी ठेवून पाहाव्यात. पॅपर्ट यांचा मुलावरील विश्वास खोटा नव्हता. कासवाला चौरस काढायला शिकवणारी मुले खरोखरच भूमिती शिकली. दुरुस्तीला कोण येणार, भाषा कोणती असणार आणि चार इयत्ता एकट्याने सांभाळणाऱ्या गुरुजींना मदत कोण करणार, या प्रश्नांची उत्तरे जेथे आधी शोधली गेली, तेथेच तो विश्वास फळाला आला.